नुसते बसण्याविषयी

म्हापशाच्या एका गृहस्थांनी विचारले आहे. ते ३६ वर्षे बँकेत नोकरी करून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना दुपारच्या जेवणानंतर दीड तास काहीही न करता स्वस्थ बसण्यास सांगितले. गोळ्या ते वेळेवर घेतात, मीठ कमी केले आहे, सुक्या मासळीकडे पाहणेही सोडले आहे. हे बसणे मात्र त्यांना जमत नाही. दहाव्या मिनिटाला हात शिवशिवू लागतात आणि पंधराव्या मिनिटाला ते कुठलेतरी कपाट आवरत असतात. काही न करता बसण्याची रीत शिकता येते काय, हा शेवटी आळसच नव्हे काय, आणि घरातल्या माणसांना काय सांगावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

या विषयात माझा अधिकार एवढाच की पणजीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या हिशेब शाखेत ३४ वर्षे काढून मी तेरा वर्षांपूर्वी घरी आलो, आणि तेव्हापासून फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर रोज दुपारी अडीच ते चार या वेळेत काहीही न करता बसतो. लग्नकार्ये, चतुर्थी, आजारपणे आणि न सांगता आलेले पाहुणे वजा जाता वर्षाला ३०० दुपारी पदरात पडतात असे धरले, तर हे एकूण ५,८५० तास होतात. त्यातली पहिली चार वर्षे मी चुकीच्या पद्धतीने बसत होतो आणि ती वगळावीत असे माझ्यातला हिशेबनीस मला अजून बजावतो; पण चुकीचे बसणे कसे असते हेही कोणीतरी सांगायला हवे, म्हणून ती मी धरली आहेत.

मूळ अडचण अशी आहे की काही न करणे म्हणजे नेमके काय, हे बहुतेकांना ठाऊक नसते. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर लवंडण्याची, म्हणजे वामकुक्षीची, आपल्याकडे चांगली परंपरा आहे आणि गोव्यात तर दुपारी एकच्या सुमारास बंद झालेली दुकाने साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत; परंतु झोप ही एक क्रिया आहे. झोप लागावी म्हणून माणूस कूस बदलतो, उशी उलटी करतो, पंख्याचा वेग कमीजास्त करतो आणि लागली नाही तर चिडतो. एवढी खटपट जिथे आहे ती गोष्ट आपल्या विषयात बसत नाही. वर्तमानपत्र हे वाचन झाले. मोबाईलवर अंगठा सरकवत राहणे ही तर निव्वळ हमाली आहे, तिला मजुरी मिळत नाही एवढेच. ध्यानाविषयी मला आदर आहे, पण ध्यानाला बसलेला मनुष्य काहीतरी मिळवायला बसलेला असतो आणि आतापर्यंत किती मिळाले याची मनातल्या मनात चौकशी करीत राहतो, जशी आमच्याकडे मार्चअखेरीस होत असे.

मोजदादीपासून तर फारच सावध राहावे. सोप्यावरून दिसणाऱ्या आमच्या कुळागरातल्या पोफळी मी दुसऱ्या वर्षी एका दुपारी सहज मोजल्या, त्या ४३ भरल्या. दुसऱ्या दिवशी ४२ भरल्या. त्यानंतर आठवडाभर माझे बसणे हे बसणे राहिले नाही, तो लेखापरीक्षकांचा दौरा झाला, आणि शेवटी भर पावसात छत्री धरून मी प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुन्याची खूण करून आलो. ४३ च होत्या. एक पोफळ फणसाआड जात असे.

पहिल्या दिवसाची हकिगत याहून वाईट आहे आणि आपल्याला धीर यावा म्हणून ती सांगतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचे हुमण जेवून मी अडीच वाजता सोप्यावर बसलो. दोन वाजून बत्तीस मिनिटांनी समोरच्या वाशाला एक कोळिष्टक लोंबताना दिसले. ते काढायला झाडू आणला, झाडूचा दांडा सैल होता म्हणून खिळा शोधायला गेलो, खिळ्यांचा डबा ज्या कपाटात होता त्याच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल द्यावे म्हणून बाटली उघडली तर तेल संपलेले. चार वाजता पत्नी उठून बाहेर आली तेव्हा कपाटाचे एक दार अंगणात, दुसरे माझ्या मांडीवर आणि खिळे सोपाभर अशी स्थिती होती. कोळिष्टक जागच्या जागी होते. ‘आज बसणार होता ना?’ एवढेच ती म्हणाली.

तेव्हा आपल्याला हे जमत नाही यात आपला काही विशेष दोष नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमोथी विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटे एकटे बसवले होते. वाचायला काही नाही, बोलायला कोणी नाही, जवळ फक्त एक बटण, जे दाबले की स्वतःलाच विजेचा झटका बसतो. तो झटका या मंडळींना आधी देऊन दाखवलेला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पदरचे पैसे देऊ, असे त्यांनी सांगितलेले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलेच. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो असे आपण हसून म्हणत आलो. त्या न्हाव्याने निदान तुंबड्या स्वतःला लावून घेतल्या नाहीत. आपण कपाट आवरता हे त्या मानाने पुष्कळच बरे म्हणायचे.

आमच्या देवळातल्या भटजींनी एकदा मला गीतेचा तिसरा अध्याय ऐकवला. कोणीही मनुष्य क्षणभरसुद्धा कर्म केल्याशिवाय राहू शकत नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा तुमचे हे बसणे अशास्त्रीय आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मी म्हणालो, सहज शक्य असते तर त्यासाठी तेरा वर्षे कशाला लागली असती? ते हसले आणि बाजूला बसले. अडीच मिनिटांनी पंच्याचे काठ जुळवायला उठले.

भटजींच्या बाजूने आता विज्ञानही साक्ष देते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि एखादे गणित सोडवायला घेतले तरी हा खर्च अगदी थोडा वाढतो. सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की मेंदूचे काही भाग तर आपण कामाला लागलो की मंदावतात आणि रिकामे बसलो की जोरात चालू होतात. घरातले सगळे दिवे, पंखे आणि फ्रिज बंद करूनही विजेचा मीटर फिरत राहावा, तसा हा प्रकार आहे. याचा व्यवहारात परिणाम असा होतो की बसायला लागल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात आठवणी वर येतात आणि त्या क्रमाने किंवा महत्त्वाप्रमाणे येत नाहीत. मला १९८८ सालची एक चुकलेली बेरीज आठवली, शाळेतल्या एका मित्राला परत न केलेला कंपास आठवला, आणि वडील गडग्याच्या पलीकडून हाक मारीत तेव्हा माझ्या नावातले शेवटचे अक्षर किती लांबवीत, ते आठवले. या वेळी काय करायचे, असे आपण विचाराल. काही नाही. आठवण आली तर येऊ द्यावी. तिला बसायला सांगू नये आणि जायलाही सांगू नये. मी कंपासाच्या वेळी चूक केली, उठून त्या मित्राचा पत्ता शोधायला लागलो आणि चार दुपारी वाया गेल्या.

आता जागेविषयी. जागा योग्य असली तर अर्धे काम होते, आणि गोव्याच्या जुन्या घरबांधणीने ही सोय करून ठेवलेली आहे. ख्रिस्ती घरांना पुढे बाल्कांव असतो, म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेली सिमेंटची किंवा चिऱ्याची बैठक. हिंदू घरांना सोपा असतो. या जागा ना घरात असतात ना रस्त्यावर. घरात बसलेला मनुष्य काही ना काही कामाच्या दृष्टीस पडतो, रस्त्यावर उभा असलेला कोणाची तरी वाट पाहतो असे धरले जाते. सोप्यावर बसलेल्याला मात्र कोणी काही विचारीत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरी वापरावी, फक्त तिथे कपडे वाळत घातलेले नसावेत, कारण आभाळ भरून आले की ते काढावे लागतात.

खुर्ची वेताची, पाठ कललेली आणि लांब हातांची असावी. डुलणारी खुर्ची घेऊ नये. डुलणे हे काम आहे आणि झोपाळा हे तर दोघांचे काम आहे. आमच्या सोप्याची बैठक तांबड्या सिमेंटची आहे, घोटून घोटून गुळगुळीत झालेली, आणि वैशाखातही ती धोतरातून गार लागते. तिच्यावर मी पहिली दोन वर्षे बसलो, पुढे कंबर कुरकुरू लागली म्हणून आजोबांची आरामखुर्ची माळ्यावरून खाली काढली. तिच्या वेताला एका ठिकाणी भोक आहे. ते विणून घ्यावे असे मला दर दुपारी वाटते, आणि ते तसेच राहू देणे हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे.

पायांचा प्रश्न येत नाही, ते पसरले की स्वस्थ राहतात. हातांचे काय करावे, हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे आणि बहुतेक माणसे इथेच हरतात. मांडीवर ठेवले तर धोतराच्या काठाशी खेळू लागतात, छातीवर घडी घातली तर भांडायला बसल्यासारखे वाटते, डोक्यामागे नेले तर दंड अवघडतात, आणि मोकळे सोडले तर तुम्हाला कळायच्या आत एक हात कानात गेलेला असतो. मी बरेच प्रकार करून पाहिले. शेवटी जमलेली रीत अशी की तळवे वर करून खुर्चीच्या हातांवर ठेवावेत, आणि शेजाऱ्याने बाहेरगावी जाताना सांभाळायला दिलेल्या वस्तूंकडे आपण जेवढे लक्ष देतो तेवढेच त्यांच्याकडे द्यावे. तळवे पालथे ठेवले तर बोटे ताल धरतात. आमच्या भागात घरटी एक तरी पेटी किंवा तबला असल्यामुळे हा धोका इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे.

गुरू लागतो काय, असे आपण स्पष्ट विचारलेले नाही, पण प्रश्नात ते आहे. मला लाभले ते माझे मामा. शिरोड्याला त्यांचे घर होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुले तिथे असताना ते दुपारी सोप्यावर बसून समोर पाहत असत. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांना विचारले, ‘मामा, कितें पळयता?’ त्यांनी मान न वळवता सांगितले, ‘आंगण आसा काय ना तें पळयतां.’ अंगण जागेवर आहे की नाही एवढेच पाहणे, आणि ते आहे असे दिसल्यावरही पाहत राहणे, याहून नेमकी सूचना मला पुढच्या आयुष्यात कोणी दिली नाही.

तरीही गुरूच्या हातात फारसे नसते, आणि हे सांगणारा मनुष्य आपल्याच गोव्याचा होता. पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ साली उभारलेला. झगा घातलेले फारिया दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्यापुढे एक स्त्री मागे कलंडलेली आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत असे. त्या काळी समजूत अशी होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकीय प्रवाह निघतो आणि समोरच्याला झोपवतो. फारियांनी सांगितले की प्रवाह वगैरे काही नाही, जे घडते ते सगळे समोरच्या माणसाच्या आत घडते. ते लोकांना आरामात बसवीत, मन एकाग्र करायला सांगत आणि मग ‘झोपा’ अशी आज्ञा करीत. ज्याचा स्वभाव त्याला अनुकूल, तो झोपे. १८१९ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. नोकरीत असताना दुपारचा डबा खाऊन मी त्या पुतळ्यापर्यंत फेरी मारीत असे, आणि बरीच वर्षे इतरांप्रमाणे मलाही वाटे की सगळे करतात ते उभे असलेले पाद्रीबाबा. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे पाहिले तर श्रेय त्या कलंडलेल्या बाईंचे आहे, आणि पर्यटक फोटो मात्र पाद्रीबाबांसारखे हात पसरून काढतात.

सोबतीविषयी थोडे सांगतो. बाल्कांवच्या दोन बैठका समोरासमोर असतात याचा अर्थ हे काम दोघांनी करता येते असा आहे, मात्र दुसरा माणूस पारखून घ्यावा. माझे शेजारी गेली सहा वर्षे आठवड्यातून तीनदा येतात. येताना ते विचारतात, ‘कितें करता?’ मी म्हणतो, ‘कांयच ना, बसलां.’ मग तेही बसतात. मागच्या जूनमध्ये एका दुपारी ते म्हणाले, ‘पावस येतलो अशें दिसता.’ काही वेळाने, बहुधा वीस मिनिटांनी, मी म्हणालो, ‘येतलो.’ मध्यंतरी तो येऊन गेला होता. ज्याला गप्पा ‘रंगवण्याची’ सवय आहे अशा मित्राला पाच वाजता बोलवावे, चहाला.

दक्षिण कोरियात या गोष्टीची स्पर्धाच होते. २०१४ साली सोलमध्ये ती एका कलावतीने सुरू केली. ९० मिनिटे उघड्यावर नुसते बसायचे; बोलायचे नाही, फोन पाहायचा नाही आणि झोपायचेही नाही, झोपलेला बाद होतो. दर पंधरा मिनिटांनी नाडीचे ठोके मोजतात आणि ज्याचे ठोके सर्वांत स्थिर तो, प्रेक्षकांची मते धरून, विजयी. झोप ही क्रिया आहे हा माझा निष्कर्ष तिथल्या नियमांतही आहे हे वाचून मला समाधान वाटले, आणि आमची वेळही बरोबर ९० मिनिटांचीच आहे हे लक्षात आल्यावर तर मी जवळजवळ उठून उभाच राहिलो.

ऋतू पावसाचा उत्तम. मे महिना टाळावा, कारण त्या महिन्यात काजू, फणस, आंब्याची साठे, सरपण भरून ठेवणे आणि मुंबईची मंडळी हे सगळे एकदम येते. जून उजाडला, कौलांवर धार लागली की बाहेरची कामे आपोआप थांबतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम म्हणून समुद्राला काही करायचे नाही असा हा सरकारी आदेशच आहे, आणि बंदी उठल्यावर बाजारात मासळी येते. या दोन महिन्यांत ट्रॉलरवाले मात्र रिकामे नसतात, ते जाळी सांधतात आणि इंजिने उघडतात, त्यामुळे त्यांना आपल्यात धरता येत नाही. रिकामा असतो तो समुद्र.

इथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, हा आळस नव्हे काय. आळशी माणसासमोर काम असते आणि ते टाळण्यात त्याचा दिवस जातो; तो फार दमतो. मी ३४ वर्षांत असे पुष्कळ लोक जवळून पाहिले. फाईल उघडी ठेवून, पेनाचे टोपण काढून, कपाळाला आठी घालून साडेपाचपर्यंत टिकून राहणे याला जी ताकद लागते ती प्रामाणिकपणे काम करायला लागत नाही. काही न करायला बसणाऱ्याच्या नावावर मात्र काही बाकी असता कामा नये. म्हणून मी वीजबिल, औषधे, गोठ्याच्या छपराची गळती ही सगळी कामे सकाळी उरकतो. दुपारी बसल्यावर एखादे राहिलेले काम आठवले तर ती दुपार फुकट गेली असे समजावे आणि सरळ उठून ते काम करून टाकावे.

गोव्यातल्या माणसाला या बाबतीत एक जास्तीची बदनामी सोसावी लागते. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला, त्याचा अर्थ शांत, निवांत, आता तो किनाऱ्यावर टी-शर्टांवर छापून विकतात आणि विकत घेणाऱ्याला वाटते की इथे कोणी काही करीत नाही. मध्यरात्री उठून पावाची भट्टी तापवणारा पोदेर, दिवसाला कितीतरी माड चढणारा पाडेली, पहाटे जेटीवर लिलावाला उभी राहणारी मासळीवाली यांना दुपारी दीड वाजता जे बसलेले पाहिले जाते ते त्यांच्या दिवसाच्या उत्तरार्धात. ज्यांचा दिवस अकरा वाजता हॉटेलच्या नाश्त्याने सुरू होतो त्यांना त्याचा पूर्वार्ध कसा दिसणार?

आणि खरोखरच जे काही करीत नाहीत त्यांचेही समाजाला काम असते. मुंगी ही आपल्याकडे उद्योगाची मूर्ती. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी खडकांच्या फटीत राहणाऱ्या एका जातीच्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन नजर ठेवली, तेव्हा वारुळातल्या सुमारे ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसून असतात असे दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी सर्वांत कष्टाळू २० टक्के मुंग्या काढून घेतल्या. थोड्याच दिवसांत बसलेल्यांपैकी काही उठून त्यांच्या जागी कामाला लागल्या. मग बसणाऱ्या २० टक्के काढून घेतल्या, तर त्यांच्या जागी कोणीही येऊन बसले नाही. म्हणजे गरज पडली तर बसणारा काम करू शकतो, पण काम करणाऱ्याला बसता येत नाही. ही बातमी मी कात्रण काढून पत्नीला दाखवली. तिने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि गरज पडली आहे, दोन नारळ सोलून द्या, असे सांगितले.

हा झाला आपला तिसरा प्रश्न आणि तो सर्वांत अवघड आहे. ‘नुसते’ हा शब्द मराठीत फार घातक आहे. नुसते बसलेला मनुष्य हा घरातल्या सर्वांना हाताशी असलेला मनुष्य वाटतो. गॅस सिलिंडरवाल्याला दार उघडणे, कुकरच्या शिट्ट्या मोजणे आणि आभाळाकडे लक्ष ठेवणे ही खाती बसल्या जागी त्याच्याकडे येतात. पहिली काही वर्षे मी हातात वर्तमानपत्र धरून बसे, जशी कार्यालयात फाईल धरीत असू. पण ढोंगात फार लक्ष घालावे लागते, वाऱ्याने पान उलटते, आणि एकदा मी ते उलटे धरलेले नातीने पाहिले.

लोकांच्या नजरेला घाबरण्याची ही खोड फक्त घरातली नाही. इस्रायली संशोधकांनी २००७ साली फुटबॉलमधल्या २८६ पेनल्टी किकचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोलरक्षक जवळजवळ ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेत होते, आणि चेंडू अडवण्याची शक्यता मात्र मध्येच उभे राहण्यात सर्वांत जास्त होती. झेप घेऊन गोल झाला तर बिचाऱ्याने प्रयत्न केला असे म्हणतात. उभा राहून झाला तर खांबासारखा उभा होता असे म्हणतात. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक दिलेल्या या भूमीत हे उदाहरण चटकन पटावे अशी माझी अपेक्षा होती. मी ते घरी सांगितले. चार वाजल्यानंतर हवी तेवढी झेप घ्या, असे उत्तर मिळाले, आणि आमचा तह झाला तो याच वाक्यावर. अडीच ते चार मला कोणी हाक मारीत नाही, त्या बदल्यात चारनंतर मी जे सांगतील ते करतो. आपणही अशी वेळ ठरवून घ्यावी आणि ती घड्याळावर ठेवू नये, कारण घड्याळ पाहावे लागते. आमच्याकडे पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की माझी वेळ संपते. तो कधी पावणेचारला येतो, कधी साडेचारला. यात माझा एकंदर फायदा होतो असा माझा हिशेब आहे, पण तो मी मांडून पाहिलेला नाही.

किती दिवसांत जमेल, हे आपण विचारले नाही तरी बँकेतला मनुष्य मुदत विचारल्याशिवाय राहणार नाही. पहिल्या महिन्यात सात मिनिटे सलग जमली तर उत्तम. आवरण्यासारखे कपाट शक्यतो पाठीमागे येईल अशी खुर्ची लावावी. एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावेसे वाटले तर कोणत्याही दुपारी अडीच वाजता यावे, समोरची बैठक मोकळीच असते. येण्याआधी फोन मात्र करू नये. तो मला उचलावा लागेल.